घरगाडी उभी करायची, तर आधी जमीन बघा

(रेडिओवर झालेलं भाषण, वाचण्यासाठी थोडं वाढवून)



भंडारदऱ्याच्या रस्त्याला किंवा शिर्डीच्या वाटेवर आता एक वेगळीच गाडी अधूनमधून दिसते. बाहेरून मिनीबससारखी, आत मात्र झोपायला पलंग, चहापुरता ओटा, हात धुवायला बेसिन आणि छोटासा संडाससुद्धा. शहरातले लोक तिला कॅराव्हॅन म्हणतात. आपण घरगाडी म्हणू. महाराष्ट्र शासनानं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आणि २०२१ साली या कॅराव्हॅन पर्यटनाचं. तेव्हापासून काही गटांमध्ये चर्चा निघते, की पाहुण्यांची गाडी आपल्या जागेवर मुक्कामाला राहिली, आपण पिठलं-भाकरी करून घातली, तर गटाला चार पैसे मिळतील का? एखादा गट तर म्हणतो, आपणच कर्ज काढून अशी गाडी घेऊ आणि भाड्यानं देऊ.

हे करायचं की नाही, ते तुमच्या गटानं ठरवावं. आजचं बोलणं त्याच्या पुढच्या एका गोष्टीवर आहे. गाडी उभी कुठं राहणार, आणि त्या जागेवर काय टाकायचं? गाडी म्हणजे लाखांचा माल. पाहुण्यांची गाडी आपल्या जागेत रुतली तर नाव आपलं खराब होतं. गटाची गाडी चार महिने पावसाळ्यात चिखलात उभी राहिली, तर कर्जाचे हप्ते चालू आणि खालून पत्रा गंजतोय, अशी गत होते.

आणि घरगाडी आपल्याला अगदीच परकी नाही. आषाढी वारीसाठी निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. तिच्याबरोबर दिंड्यांचे ट्रक असतात. वर ताडपत्री, आत गाद्या, पिठाचे डबे, गॅसच्या शेगड्या. तीही चाकावरची घरंच. मुक्कामाच्या रात्री पाऊस झाला, की सकाळी रानातून ट्रक काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो, हे रस्त्याकाठच्या गावांनी पाहिलेलं आहे. म्हणून आज जे सांगते ते घरगाडीलाही लागू आहे, दिंडीच्या ट्रकलाही आणि तुमच्या गटाच्या पिकअपला किंवा ट्रॅक्टरलाही.

"कोबा करून टाका" म्हणण्याआधी

जागा दाखवली की गवंडी असो, भाऊजी असोत, पहिलं उत्तर एकच येतं: "कोबा करून टाका." कोबा वाईट नाही. पण खालची जमीन नीट केली नसेल तर सहा इंचांचा कोबाही दोन पावसाळ्यांत तडकतो. आणि खालची जमीन नीट केली असेल तर साधा मुरूम आणि खडीसुद्धा वर्षानुवर्षं गाडी पेलते. पैसा आधी खाली घालायचा, उरला तर वर. आजच्या भाषणातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवायला नको. खळं करताना आपल्या सासवा काय करायच्या? उंचावरची, टणक, पाणी न साठणारी जागा निवडायची. गवत-मुळ्या काढायच्या. पाणी शिंपडून, माती ओली असतानाच चोपून घ्यायची. मग शेणानं सारवायचं. सारवण सगळ्यात शेवटी. जमीन चोपलेली नसेल तर सारवणाचे पोपडे निघतात. गाडीच्या जागेचं तसंच आहे. कोबा, फरशी, खडी हे सारवण. खरं काम त्याच्या आधीचं.

आपल्या जिल्ह्यात माती एकसारखी नाही

नेवासा, शेवगाव, कोपरगाव, श्रीरामपूर, राहाता या भागांत खोल काळी माती पुष्कळ. ही माती पिकाला सोनं, पण गाडीला अवघड. तिच्यातली चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात रानाला हात जाईल अशा भेगा पडतात, त्या याच कारणानं. अशा जमिनीवर थेट कोबा केला, तर पावसाळ्यात त्याच्या कडा उचलल्या जातात आणि उन्हाळ्यात खालून आधार सुटतो. वर गाडीचं वजन आलं की तडा गेलाच.

कालव्याखालच्या गावांत आणखी एक अडचण असते. तिथं जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, काही ठिकाणी जमीन खारवट, चोपण झालेली असते. अशा ठिकाणी घराला जसं जोतं बांधतो तसं गाडीच्या जागेलाही थोडं उंच घ्यावं लागतं.

पारनेर आणि संगमनेरच्या पठारावर बऱ्याच ठिकाणी उलट परिस्थिती. चार-सहा इंच माती काढली की खाली मुरूमच लागतो. तिथं निम्मं काम निसर्गानंच केलेलं असतं. उगाच खोदून मुरूम उकरू नका. वरची माती काढा, उतार द्या, दाबा.

आणि अकोल्याचा पश्चिम भाग तर वेगळाच. घाटघरला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. तिथली सपाट जागा दिसली की ती बहुतेक भातखाचर असते. खाचर हे पाणी धरून ठेवायलाच केलेलं असतं. तिथं गाडी उभी केली तर ती रुतणारच. त्या भागातल्या मैत्रिणींनी गाडीसाठी वरकस जमीन बघावी, मुरमाड, हलक्या उताराची. आणि डोंगराकडून येणारं पाणी अडवायला जागेच्या वरच्या अंगाला चर काढावा.

आपली माती किती फुगते हे घरच्या घरी बघता येतं. काचेचे दोन सारखे पेले घ्या. माती वाळवून, बारीक करून, चाळून दोन्हींत सारखी घाला, पेल्याच्या पावभर. एकात पाणी ओता, दुसऱ्यात रॉकेल. ढवळा आणि दुसऱ्या दिवशी बघा. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातला थर रॉकेलातल्यापेक्षा जेवढा उंच, तेवढी माती फुगणारी. इंजिनिअर लोक प्रयोगशाळेत मोजमाप करून हीच चाचणी घेतात. रॉकेल मिळालं नाही तरी एप्रिलमधल्या भेगा सगळं सांगतात. पेले मात्र नंतर मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

पाणी कुठून येतं, कुठं जातं

जागा ठरवायच्या आधी एका पावसात तिथं जाऊन उभं राहा. कुठून पाणी येतं, कुठं थांबतं, किती वेळ थांबतं ते बघा. पाऊस थांबून दोन तास झाले तरी जिथं डबकं असतं, ती जागा सोडा किंवा उचलून घ्या.

हिवरेबाजार आणि राळेगणसिद्धी या आपल्याच जिल्ह्यातल्या गावांनी देशाला पाणी अडवायला शिकवलं. मग आज मी पाणी घालवायला सांगतेय, हे उलटं वाटेल. पण दोन्ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. चाकाखाली पाणी थांबू द्यायचं नाही, आणि तिथून निघालेलं पाणी वाया जाऊ द्यायचं नाही. जागेच्या कडेनं चर काढून ते पाणी परसबागेला, आंब्याच्या आळ्याला किंवा शेततळ्याला न्या. याच कारणासाठी सगळं अंगण सिमेंटनं झाकू नये असंही मला वाटतं. आपला बहुतेक जिल्हा कमी पावसाचा. खडीची जागा थोडं पाणी जिरू देते. कोबा सगळं वाहून लावतो.

उतार किती द्यायचा? कोब्याला दहा फुटांना दीड इंच, खडी-मुरमाला दहा फुटांना दोन इंच. त्याहून जास्त दिला तर पाण्याला बरं, पण आत झोपलेला पाहुणा रात्रभर एका कुशीवर घसरतो आणि ओट्यावरचा चहा सांडतो. उतार घराकडे, गोठ्याकडे किंवा विहिरीकडे कधीच नको. मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतो ती पारदर्शक नळी पाण्यानं भरा, दोघी दोन टोकांना उभ्या राहा. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत असतं. तिथून खाली जमिनीपर्यंत टेपानं मोजा, किती उतार आहे ते कळतं.

वजन आणि त्याचा टेकू

नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे. १९९४ साली सुरू झालं. शाळेच्या सहलीला मुलं तिथं जातात. तिथल्या सेंच्युरियनसारख्या रणगाड्याचं वजन पन्नास टनांच्या आसपास. एवढं धूड चिखलातून जातं आणि दहा टनांचा ट्रक त्याच चिखलात रुतून बसतो. का? रणगाड्याचा पट्टा लांब-रुंद असतो, वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं. ट्रकचं टायर जमिनीला टेकतं ती जागा दोन-तीन तळहातांएवढीच.

लहान घरगाडी साडेतीन-चार टनांच्या आसपास भरते. मोठ्या बसच्या सांगाड्यावर बांधलेली दहा टनांच्या पुढं जाते. त्यात पाण्याची टाकी भरली की प्रत्येक लिटरला एक किलो वाढलंच. चालती गाडी एका जागी वजन ठेवत नाही, म्हणून रस्ता तगतो. उभी गाडी मात्र त्याच चार ठिकाणी महिनोन् महिने दाब देत राहते. म्हणून रस्त्यापेक्षा उभं राहायची जागा जास्त पक्की लागते.

जॅक लावताना तर हे फारच महत्त्वाचं. जॅकचं बूड वीतभरसुद्धा नसतं. नुसत्या मातीवर जॅक लावला तर तो तिरका होऊन निसटतो आणि खाली माणूस असतो. जॅकखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट ठेवल्याशिवाय कुणालाही गाडीखाली जाऊ देऊ नका. हा नियम गटाच्या वहीत लिहून ठेवा.

कोणता पृष्ठभाग कुणाला बरा

नुसतं गवत. उन्हाळ्यात एका रात्रीच्या मुक्कामाला चालतं. गाडी ठेवून देण्यासाठी मुळीच नाही. गवताखाली ओल राहते, ती खालच्या पत्र्याला आणि ब्रेकला खाते. उंदीर वायरी कुरतडतात. आणि वाळल्या गवतावर तापलेला सायलेन्सर टेकला तर आग लागू शकते.

नुसता मुरूम. स्वस्त, जवळ मिळणारा, दुरुस्तीला सोपा. नीट दाबला तर छान बसतो. पण मोठ्या पावसात वरचा थर निसटतो, बूट चिखलाचे होतात. दरवर्षी पावसाळ्यानंतर थोडी भर घालावी लागते.

मुरमावर खडी. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक गटांना मी हाच सल्ला देईन. पाणी निघून जातं, चिखल होत नाही, कुठं बसलं तर टोपलीभर टाकून नीट करता येतं. खडी क्रशरची, कोनदार घ्या. कोनदार खडी एकमेकींत अडकून बसते. नदीतले गोल गोटे चाकाखाली घरंगळतात.

कोबा. गटाची स्वतःची गाडी असेल, वर्षातले कितीतरी महिने उभी राहणार असेल, मेकॅनिकला खाली झोपून काम करायचं असेल, तर कोबा उत्तम. खालून ओल येत नाही, तेल गळलं तर लगेच दिसतं, उंदराचं बीळ लपत नाही. खर्च मात्र मोठा आणि चूक झाली तर दुरुस्ती अवघड.

पेव्हर ब्लॉक. दिसायला चांगले, एखादा फुटला तर तेवढाच बदलता येतो. पण अंगणात घालतात ते साठ मिलिमीटरचे ब्लॉक लहान गाडीपुरते. जड गाडीला ऐंशी मिलिमीटरचे मागा. आणि कडेनं सिमेंटची पक्की बंदिस्ती नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात.

शहाबादी फरशी. ओसरीला छान, गाडीला नको. खाली कुठं पोकळी राहिली की चाक येताच फरशी दुभंगते.

डांबर. रस्त्यावर ठीक. पण आपल्या मे महिन्याच्या उन्हात ते मऊ होतं आणि उभ्या गाडीची चाकं त्यात खड्डा करतात. डिझेल सांडलं तर डांबर विरघळतं. छोट्या जागेसाठी त्याच्या नादी लागू नये.

मुरूम-खडीची जागा कशी करायची

आधी आकार. गाडीची रुंदी जास्तीत जास्त साडेआठ फूट असते. लहान घरगाडी अठरा-वीस फूट लांब, मोठी एकोणचाळीस फुटांपर्यंत. दार उघडून खुर्ची टाकायला जागा हवी. चाळीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद जागा बहुतेक गाड्यांना पुरते. वरून विजेची तार जात नाही ना, नारळाचं किंवा वाळक्या फांदीचं झाड डोक्यावर नाही ना, तेही बघा. आणि रस्त्यापासून जागेपर्यंतची वाटही तितकीच पक्की लागते. जागा उत्तम आणि वाटेत चिखल, असं नको.

वरची माती काढा. मुरमाड जमिनीत सहा इंच पुरे. काळ्या मातीत दीड फुटापर्यंत काढावी लागते. ती माती फेकू नका, परसबागेत टाका. खालच्या तळालाच उतार द्या, वरून उतार दाखवून उपयोग नाही. खालच्या डबक्यात पाणी साठतं.

काळी माती असेल तर तळावर जिओटेक्सटाईल कापड अंथरा. ते जाड, न विणलेलं कापड असतं. पाणी जाऊ देतं, पण खालची चिकण माती वरच्या मुरमात घुसू देत नाही. ते नसेल तर काळ्या रानात टाकलेली खडी दोन-तीन वर्षांत मातीच्या पोटात गडप होते, हे तुम्ही गाडीरस्त्यांवर पाहिलंच असेल.

मग मुरूम, एका वेळी सहा इंचांपेक्षा जास्त नाही. एकदम फूटभर टाकून वरून रोलर फिरवला, तर वरचे तीन-चार इंच दबतात, खालचा भुसभुशीत राहतो. पाणी किती मारायचं? मूठभर मुरूम दाबून बघा. लाडू वळला पाहिजे, पण तळहाताला पाणी लागता कामा नये. लाडू फुटला तर पाणी कमी, हात भिजला तर जास्त. रोलर मिळाला तर उत्तम. नाहीतर भरलेल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा फिरवा आणि कडा धुम्मसानं चोपून घ्या.

दाबून झाल्यावर परीक्षा घ्या. भरलेली ट्रॉली सावकाश जागेवरून न्या. चाकोरी इंचापेक्षा खोल उमटली, किंवा चाक पुढं जाताना जमीन गादीसारखी हलली, तर तिथं पुन्हा उकरून दाबा. ठेकेदाराचं बिल या परीक्षेनंतरच द्या, आणि हे त्याला काम देतानाच सांगा.

त्यावर चार इंच चाळीस मिलिमीटरची खडी, फटींत क्रशरची कच, पुन्हा पाणी आणि रोलर. कडेनं दगड रोवा म्हणजे खडी पसरत नाही. दोन्ही बाजूंना वीतभर खोल चर.

हिशोब आपणच करायचा

मुरूम-खडी ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. चाळीस गुणिले चौदा म्हणजे ५६० चौरस फूट. त्यावर नऊ इंच, म्हणजे पाऊण फूट दाबलेला मुरूम हवा असेल तर ४२० घनफूट, म्हणजे ४.२ ब्रास. मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून पावपट जास्त धरा: सव्वापाच ब्रास. चार इंच खडीला १८७ घनफूट लागतात, दबण्याचं धरून सव्वादोन ब्रास. काळ्या मातीत खोल काढलं असेल तर मुरूम त्या प्रमाणात वाढेल. तुमच्या गावचा भाव घाला, खर्च समोर येतो.

ट्रॉली आली की टेपानं मोजा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दीड फूट भरलेली ट्रॉली म्हणजे ९० घनफूट. म्हणजे एक ब्रासपेक्षा कमीच, आणि हा फरक पाच खेपांत मोठा होतो. मुरूम कुठून आला हेही विचारा. गौण खनिज काढायला महसूल खात्याची परवानगी लागते. पुरवठादाराकडून पावती घ्या, म्हणजे गटावर बालंट येणार नाही.

कोबा करायचाच असेल तर

सगळीकडे करू नका. गाडी चाकांवर उभी राहते, पोटावर नाही. तीन-तीन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या करा, मधे अडीच फूट मोकळे सोडा आणि तिथं खडी भरा. चाळीस फूट लांब, बारा फूट रुंद, सहा इंच जाड पूर्ण कोब्याला २.४ ब्रास काँक्रीट लागतं. दोन पट्ट्यांना १.२ ब्रास. बरोबर निम्मं.

खाली दाबलेला मुरूम हवाच. माल एकास दीड तीन, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. या प्रमाणात एका ब्रासला साधारण २२-२३ गोण्या सिमेंट लागतं. पट्ट्यांना मिळून २७ च्या आसपास. गोण्या मोजूनच माल कालवून घ्या. माल पातळ करायला गवंडी जास्त पाणी ओततो, काम सोपं होतं पण ताकद जाते. दर दहा-बारा फुटांवर सांधा ठेवा. काँक्रीट आक्रसताना कुठंतरी तडकणारच. सांधा ठेवला तर ते सांध्यात तडकतं, मधोमध नाही.

पाणी मारणं हे आपलंच काम समजा. मातीची आळी करून पाणी साठवा किंवा गोणपाट ओलं ठेवा. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राखमिश्रित पीपीसी सिमेंटला किमान दहा. आपल्याकडे बहुतेक गोण्या पीपीसीच्याच असतात, गोणीवर वाचा. जड गाडी २८ दिवसांनंतरच चढवा.

गाडी ठेवताना आणि काढताना

चार-सहा महिने गाडी ठेवायची असेल तर चाकांखाली फळ्या घाला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. हवा पूर्ण ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा गाडी हातभर पुढं-मागं करा, नाहीतर टायर एका जागी चपटे होतात. टायरवर ऊन पडत असेल तर गोणपाट टाका. गाडीखालचं गवत उगवू देऊ नका.

पाहुण्यांच्या गाडीतलं सांडपाणी जागेवर सोडू देऊ नका. बेसिन-न्हाणीचं पाणी शोषखड्ड्यात, संडासाची टाकी फक्त शौचालयाच्या सेप्टिक टँकमध्ये. विहिरीपासून दोन्ही लांब. मैला खडीत सोडला तर तो आपल्याच पिण्याच्या पाण्यात येतो.

कामाचा मुहूर्तही बघा. भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे बघायला लोक मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत येतात, आणि पहिला मोठा पाऊसही तेव्हाच गाठतो. त्यामुळे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये संपवा. पावसाळ्यात मुरूम दाबताच येत नाही, तो चिखल होतो. जमलं तर एक पावसाळा जागा मोकळी ठेवा. जिथं बसेल तिथं भर घाला, मग पाहुणे बोलवा.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हे पाच प्रश्न वहीत लिहा. आपली माती कोणती? पावसाचं पाणी कुठून येऊन कुठं जातं? गाडी किती जड, आणि किती महिने उभी राहणार? मुरूम-खडी किती ब्रास? दाबून झाल्यावर ट्रॉलीची परीक्षा कोण घेणार? पाचही उत्तरं मिळाली की मगच ठेकेदाराला बोलवा. तो "कोबा करून टाकू" म्हणाला तर त्याला विचारा, "खाली काय घालणार?" तिथून पुढचं बोलणं आपल्या हातात राहतं.